स्वेलडेलमधील शेतातले दगडी कोठार : दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

14 मार्च 2023

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात, स्वेलडेल खोऱ्याच्या वरच्या टोकाला म्यूकर गावाजवळच्या कुरणात उभ्या असलेल्या एका दगडी कोठाराच्या दुरुस्तीचे काम आमच्याकडे आले असून आज पहिली पाहणी झाली. एका बाजूला खाली गाई, त्यांच्या डोक्यावर माळा आणि शेजारी जमिनीपासून छपरापर्यंत भरलेले वाळलेले गवत, अशी ही एकाच छपराखालची रचना आहे. स्वेलडेल आणि शेजारचे आर्कनगार्थडेल मिळून अशी हजाराहून अधिक कोठारे उभी आहेत. ती आणि त्यांच्यामधून डोंगरावर चढत जाणारे गडगे जपण्यासाठीच या दोन खोऱ्यांचा मोठा भाग 1989 मध्ये संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आला.

इमारत स्वतंत्रपणे वारसा यादीत नाही, मात्र ती या संरक्षित क्षेत्रात येते. मालक शेतकरी आहेत, मेंढ्या आणि थोडी मांसाची गुरे पाळतात, आणि कोठार शेतीच्याच कामाला ठेवायचे असे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. हिवाळ्यात आजारी मेंढी किंवा व्यायला आलेली गाय ठेवायला, औते आणि कुंपणाचे साहित्य ठेवायला त्यांना ती जागा हवी आहे. आमच्या सगळ्या पुढच्या निर्णयांना या एका वाक्याने दिशा मिळाली.

आज दिसलेल्या गोष्टी अशा. दक्षिणेकडच्या पाख्याचा वळचणीजवळचा भाग खचला आहे. नैर्ऋत्य कोपऱ्याजवळ भिंत बाहेर फुगली आहे. मागच्या पडवीचे छप्पर कधीच कोसळले असून तिचे दगडी पत्रे, म्हणजे छपरावर घालायचे पातळ दगड, खाजऱ्या झुडपांत पडलेले आहेत. ते कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून मालकांना ते आजच आत हलवायला सांगितले.

23 मार्च 2023

दिवसभर मोजमापे घेतली. बाहेरून इमारत सुमारे साडेअकरा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे, भिंती तळाशी 650 मिलिमीटर जाड आहेत आणि वर जाताना त्या थोड्या निमुळत्या होतात. उताराच्या बाजूने पाहिले तर ती दुमजली दिसते, वरच्या बाजूने पाहिले तर जेमतेम दीड मजल्याची. बांधणाऱ्यांनी उताराचा उपयोग जाणीवपूर्वक केला आहे: वरच्या अंगाला भिंतीत उंचावर एक चौकोनी खिडकीवजा तोंड ठेवले आहे आणि तिथे बाहेरची जमीन इतकी वर येते की घसरगाडीवरून आणलेले गवत काट्याने थेट आत ढकलता येत असे. या भागातल्या चढावर चाकाची गाडी उलटण्याची भीती असल्यामुळे गवत ओढायला लाकडी घसरगाड्याच वापरात होत्या.

आत आल्यावर डाव्या हाताला गोठा आहे. चार गाईंसाठी दोन कप्पे, मधला आडोसा म्हणून जमिनीत उभी रोवलेली मोठी दगडी फरशी, गाई उभ्या राहत त्या चौथऱ्याच्या कडेला सलग बसवलेले लांब दगड आणि त्याच्या मागे शेणमुताची उथळ मोरी. मोरीच्या टोकाला भिंतीत जमिनीलगत एक भोक आहे, त्यातून शेण बाहेर ओढले जाई. गाईंच्या तोंडासमोर माणूस आडवा होऊन जाईल एवढाच बोळ आहे आणि तो उजवीकडच्या गवताच्या खणाशी जोडलेला आहे. गवत एकदा आत पडले की पुढचे सहा महिने ते कोठाराबाहेर न नेता, वाऱ्यापावसात एकही फेरी न मारता, खणातून बोळात आणि बोळातून गव्हाणीत जात असे.

नकाशा काढताना हा प्रवास मी बाणांनी दाखवला: वरून गवत आत, मधून गाईच्या पोटात, खालून शेण बाहेर, आणि वसंतात तेच शेण त्याच कुरणावर. दरवाजा, तोंडे, झरोके, माळा यांतली एकही गोष्ट या मार्गापासून वेगळी काढून समजत नाही. एका कुरणाला, फार तर दोन-तीन कुरणांना मिळून एक कोठार का, याचेही उत्तर त्यातच आहे. जड वस्तू दोनच होत्या, गवत आणि शेण, आणि त्या दूर वाहून न्याव्या लागू नयेत म्हणून इमारतच शेतात नेऊन बांधली गेली. त्याची किंमत माणसाने पायपिटीने फेडली: नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत दररोज दोनदा एका कोठारातून दुसऱ्यात जायचे, चारा घालायचा, गाई झऱ्यावर नेऊन पाणी पाजायचे, दूध काढायचे आणि ते पाठीवरच्या डब्यातून घरी आणायचे.

4 एप्रिल 2023

भिंतीचा अभ्यास. दगड सगळा जवळपासचाच आहे. या डोंगरांमध्ये चुनखडक, मऊ शेल (चिखल घट्ट होऊन झालेला खडक) आणि वाळूचा खडक यांचे थर एकावर एक आलटूनपालटून येतात, त्यामुळे एकाच उतारावर भिंतीचा दगड, छपराचा पातळ फाटणारा दगड आणि भाजून चुना करण्याचा दगड असे तिन्ही मिळत. शेलच्या थराला अडून पाणी जिथे बाहेर पडते तिथे झरे आहेत, आणि आमच्या कोठारापासून वीस पावलांवर असाच एक झरा आहे. कोठाराची जागा निवडताना तो पाहिला गेला असणार, याबद्दल मला शंका नाही.

भिंत दोन तोंडांची आहे. बाहेरचे तोंड, आतले तोंड आणि मधल्या पोकळीत चिपा व लहान दगडांचा भराव. ही दोन तोंडे एकमेकांना धरून ठेवणारे लांब आरपार दगड ठरावीक उंचीवर ओळीने घातले आहेत आणि त्यांची टोके बाहेर पाच-सहा इंच तशीच पुढे ठेवली आहेत. स्वेलडेलच्या कोठारांची ओळख लांबूनही पटते ती या ओळींमुळे, कारण तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्या भिंतीवर पट्ट्यांसारख्या उमटतात. आमच्या इमारतीत अशा तीन ओळी आहेत. टोके छाटण्याचे श्रम वाचवले गेले हे उघड आहे, परंतु त्यांचे मुख्य काम बांधून ठेवण्याचे आहे. फुगलेल्या भागात मधल्या ओळीतला एक आरपार दगड मोडलेला आढळला आणि त्याच्या शेजारी जिथे दुसरा यायला हवा होता तिथे मुळातच दोन आखूड दगड समोरासमोर ठेवून वेळ निभावली होती. नेमके तिथूनच बाहेरचे तोंड सुटले आहे.

कोपऱ्यांचे आणि दाराच्या बाजूंचे दगड वाळूच्या खडकाचे, छिन्नीने नीट घडलेले आहेत. बाकीची भिंत अनगड आहे. खर्च कुठे करायचा आणि कुठे वाचवायचा याची इतकी स्वच्छ समज असलेले काम पाहताना समाधान वाटते.

दारावर किंवा कोपऱ्यावर वर्ष कोरलेले नाही. या भागातली बहुतेक कोठारे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतची आहेत, काही त्याहून जुनी आहेत. आमच्या कोठाराच्या कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी चौकटी, पाइनच्या करवतलेल्या लाकडाच्या आहेत आणि त्यांच्या सांध्यांवर सुताराने जुळणीसाठी केलेल्या रेघांच्या खुणा आहेत, पण तेवढ्यावरून दशक ठरवता येत नाही. अहवालात मी "बहुधा एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध" एवढेच लिहिले आहे.

20 एप्रिल 2023

चुन्याचा प्रश्न आज बराच सुटला. भिंतीच्या आतला भराव मातीच्या गाऱ्यात बसवलेला आहे, तर बाहेरचे सांधे चुन्याने भरलेले आहेत. ही पद्धत या खोऱ्यांत सर्वत्र दिसते: माती फुकट मिळे, चुना भाजावा लागे, म्हणून चुना पावसाच्या तोंडावरच खर्च होई. अशी भिंत वरून कोरडी राहिली तर शतकानुशतके उभी राहते. छप्पर फाटले आणि भिंतीच्या माथ्यातून पाणी शिरले की मात्र आतली माती धुऊन खाली बसते, भराव तिच्याबरोबर सरकतो आणि तळाकडे दाब वाढून भिंतीला पोट येते. म्हणजे नैर्ऋत्य कोपऱ्याचा आजार भिंतीत दिसत असला तरी त्याचे मूळ वळचणीच्या सरकलेल्या दगडी पत्र्यांत आहे.

उत्तरेच्या भिंतीवर गेल्या शतकात कोणीतरी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरल्या आहेत. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि पाण्याला बंद, त्यामुळे भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यातून न सुकता दगडातून बाहेर पडू पाहतो. गोठणाऱ्या थंडीत तो तिथेच बर्फ होतो आणि दगडाचा दर्शनी थर सोलून निघतो. सांधे जसेच्या तसे उभे आणि मधले दगड बोटभर आत गेलेले, असे तिथे आज दिसते. हे सिमेंट हाताने, बारीक छिन्नीने काढायचे ठरले. जिथे ते दगडाला इतके चिकटले आहे की काढताना कड तुटेल, तिथे ते तसेच ठेवायचे.

जुन्या चुन्याचे नमुने तपासून आले. आम्लात विरघळवून वाळूचे प्रमाण काढण्याची नेहमीची रीत इथे पुरेशी पडत नाही, कारण मिश्रणात चुनखडकाची भरडही आहे आणि तीही आम्लात विरघळते. म्हणून पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागले. त्यात न विरलेल्या चुन्याचे पांढरे खडे ठळक दिसले, आणि कळीचा चुना वाळूतच विरवून गरम असताना मिश्रण केले गेले होते या तर्काला त्यामुळे चांगला आधार मिळाला. आम्हीही तसेच करणार आहोत. कळीच्या चुन्याचा एक भाग, धारदार वाळू आणि चुनखडकाची भरड मिळून तीन भाग, आणि पाणी बेताने. विरताना मिश्रण उकळत्या पाण्याइतके तापते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि जवळ स्वच्छ पाण्याची बाटली असल्याशिवाय कोणीही घमेल्याजवळ उभे राहायचे नाही, अशी सूचना लेखी दिली.

16 मे 2023

पर्यावरण सल्लागारांची पहिली संध्याकाळची पाहणी झाली. पश्चिमेच्या तिकोनी भिंतीतल्या एका फटीतून पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळे बाहेर पडताना दिसली. इंग्लंडमध्ये सर्व जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या निवाऱ्यांना कायद्याचे संरक्षण आहे. निवारा बिघडेल असे काम नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंरक्षण संस्थेच्या परवान्याशिवाय करता येत नाही. माळ्याच्या तुळईवर पाकोळ्यांची घरटीही आहेत, आणि ती वापरात असेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही.

यावरून कामाचा क्रम ठरला. नैर्ऋत्य कोपरा या निवाऱ्यापासून दूर आहे, तिथली भिंत जून-जुलैमध्ये घ्यायची. छप्पर सप्टेंबरमध्ये पिल्ले मोठी होऊन गेल्यावर उतरवायचे आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद करायचे, कारण तापमान पाच अंशांखाली जाऊ लागले की चुन्याचे काम थांबवावे लागते. सहा आठवड्यांची फट मिळते आहे. ती पुरेल, पण पावसाने साथ द्यायला हवी.

27 मे 2023

दक्षिणेत दुसऱ्या कामासाठी गेलो असताना ऑक्सफर्डशायरमधले ग्रेट कॉक्सवेलचे कोठार पुन्हा पाहिले. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथातल्या संन्याशांच्या ब्यूली मठाने 1292 च्या सुमारास बांधलेले हे धान्याचे कोठार 152 फूट लांब, 44 फूट रुंद आणि 48 फूट उंच आहे. भिंती कॉट्सवोल्डच्या दगडाच्या आणि आत उंच दगडी पायांवर उभारलेले ओकचे खांब. शेजारच्या केल्म्स्कॉट गावात राहणारे एकोणिसाव्या शतकातले कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिस आपल्या पाहुण्यांना आवर्जून इथे आणत. जुन्या वास्तू नव्यासारख्या करून टाकण्याऐवजी त्यांची नित्य देखभाल करावी, हा आग्रह धरणारी संस्था मॉरिस यांनीच 1877 मध्ये स्थापन केली आणि आमच्या पेशातले बरेचसे नियम तिच्यापासून आले आहेत. 1956 पासून हे कोठार नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

या भव्य जागेत उभे राहून स्वेलडेलचे कोठार लहान वाटत नाही, फक्त वेगळ्या कारणाने बांधलेले वाटते. ग्रेट कॉक्सवेल एका मोठ्या मालकाचे धान्य एका ठिकाणी आणण्यासाठी आहे, म्हणून त्याचे दरवाजे भरलेली गाडी आत येईल एवढे आहेत. आमच्या कोठाराचा दरवाजा एका गाईएवढा आहे. वरच्या स्वेलडेलमध्ये जमिनी लहान होत्या, अनेक कुटुंबे शिशाच्या खाणीत काम करून त्याच्या जोडीला तीन-चार गाई राखत, लोणी आणि चीज करत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत शिशाचा भाव कोसळला, खाणी बंद पडत गेल्या आणि लोक डरहॅमच्या कोळसाखाणींकडे, लँकेशायरच्या कापडगिरण्यांकडे, काही थेट अमेरिकेला गेले. कोठारे मागे राहिली आणि उरलेल्या शेतकऱ्यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या वापरात ठेवली.

13 जून 2023

राहत्या घरात रूपांतर करण्याचा विषय आज बैठकीत निघाला, कारण निधीची जुळवाजुळव करताना मालकांच्या कुटुंबातल्या धाकट्या मंडळींनी तो विचारणे स्वाभाविक होते. शेतीच्या इमारतीचे घर करण्यासाठी 2014 पासून इंग्लंडमध्ये जी सोपी वाट आहे ती राष्ट्रीय उद्यानांत लागू नाही; इथे पूर्ण परवानगी लागते. उद्यानाच्या 2016 च्या स्थानिक आराखड्याने रस्त्यालगतच्या आणि वस्तीतल्या कोठारांसाठी दार थोडे उघडले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तरुण कुटुंबांना राहायला जागा नसेल तर खोरे ओस पडेल. आमचे कोठार मात्र रस्त्यापासून तीन कुरणे आत आहे. तिथे घर करायचे तर गाडीरस्ता, वीज, सांडपाण्याची टाकी, खिडक्या, धुराडे आणि रात्रीचा उजेड हे सगळे त्या गवतातून न्यावे लागेल.

माझे मत मी स्पष्टपणे मांडले. या इमारतीच्या भिंतीत भोके कमी आहेत हीच तिची खूण आहे; गवत कोरडे राहावे म्हणून अरुंद झरोके, गाय उबेत राहावी म्हणून बुटके दार. तिला राहण्याजोगा उजेड दिला की तिचा बांधा जातो. मालकांचेही हेच म्हणणे होते. खर्चाचा मोठा वाटा ग्रामीण वारशासाठीच्या सार्वजनिक योजनेतून मिळतो आहे. 2018 मध्ये अशा पाच राष्ट्रीय उद्यानांत ऐतिहासिक शेतइमारतींसाठी ऐंशी टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली होती आणि यॉर्कशायर डेल्स त्यांपैकी एक होते. त्या अनुभवानंतर या भागात कुशल गवंडी टिकून राहिले, हा तिचा मला जाणवलेला मोठा लाभ.

5 जुलै 2023

नैर्ऋत्य कोपऱ्याजवळची भिंत उतरवली. आधी दोन्ही तोंडांची छायाचित्रे काढून त्यांवर दोरीच्या चौकटी आखल्या, कोपऱ्याच्या आणि आरपार दगडांना खडूने क्रमांक घातले, कैचीला खालून लाकडी टेकू दिले आणि मगच माथ्याकडून दगड काढायला सुरुवात झाली. ज्येष्ठ गवंड्यांनी दगड गवतावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, दर्शनी बाजू वर करून मांडले. फुगवट्याच्या आत अपेक्षेप्रमाणे मातीचा भराव खाली बसून वर हातभर पोकळी झाली होती.

बांधताना त्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा कटाक्षाने पाळली. प्रत्येक दगड आडवा, त्याचा लांब भाग भिंतीच्या आत जाईल असा बसवायचा. मोठे तोंड दिसावे म्हणून तो उभा चिकटवायचा नाही. भरावातला एकेक लहान दगडही त्यांनी हाताने बसवला, फावड्याने काहीही ओतले नाही. ओळंबा त्यांनी क्वचितच लावला, कारण भिंतीला मुळातच आत कलणारी तिरीप आहे. त्याऐवजी शाबूत भागावरून दोन दोऱ्या ताणून त्यांच्याशी मेळ ठेवला. मोडलेल्या आरपार दगडाच्या जागी कोसळलेल्या पडवीच्या भिंतीतलाच एक लांब दगड मिळाला. जिथे मुळात आरपार दगड नव्हता तिथे मात्र आम्ही नवा घातला आणि नोंदीत तो नवा असल्याचे लिहिले.

नव्या चुन्यावर ओले गोणपाट टाकून ते दिवसातून तीन-चार वेळा भिजवत ठेवायचे आहे. चुना झटपट सुकला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होण्याआधीच भुसभुशीत होतो.

19 जुलै 2023

आज काम बंद होते, कारण कुरणात गवतकापणी चालू आहे आणि गवत आडवे पडलेले असताना त्यातून साहित्य नेता येत नाही. म्यूकरची ही कुरणे त्यांच्या रानफुलांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्या फुलांचे टिकणे उशिरा होणाऱ्या कापणीवर आणि कोठारातल्या बेताच्या शेणखतावर अवलंबून आहे. रासायनिक खत आणि मे महिन्यातच कापले जाणारे, आंबवून साठवायचे गवत आले तिथे फुले गेली आणि कोठारेही रिकामी झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ आणि वास्तुतज्ज्ञ या खोऱ्यात वेगवेगळे अहवाल लिहितात. माझ्या मते ते एकत्र लिहायला हवेत.

12 सप्टेंबर 2023

परवाना हाती आला, परांची उभी राहिली आणि छप्पर उतरवायला सुरुवात झाली. दगडी पत्रे म्हणजे वाळूच्या खडकाचे, थराथरांत फाटणारे, बोटभर ते दोन बोटे जाडीचे तुकडे. एक चौरस मीटर छपराचे वजन सहज शंभर किलोच्या घरात जाते. पूर्वी हे पत्रे ओकच्या खुंट्यांनी, कधी मेंढीच्या हाडांनीही पट्ट्यांवर टांगत. आमच्या छपरात ओकच्या खुंट्या आणि नंतरच्या दुरुस्तीचे गंजलेले खिळे दोन्ही निघाले. खाली सरकलेले जवळजवळ सगळे पत्रे खिळ्यांचे होते.

एका कैचीच्या खालच्या आडव्या तुळईचे भिंतीत शिरलेले टोक कुजले होते. सुतारांनी कुजका भाग तिरपा कापून त्याच जातीच्या, चांगल्या सुकलेल्या लाकडाचा जोड दिला आणि तो पोलादी बोल्टांनी आवळला. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती हवेला जागा सोडली. उरलेले लाकूड पूर्ण निरोगी आहे.

28 सप्टेंबर 2023

छपराची आखणी. या कामातला मला सर्वाधिक आवडणारा भाग हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्रे एकसारख्या मापाचे नसतात. खाणीतून जसे निघतात तसे घ्यायचे, खुंटीच्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत लांबी मोजायची आणि लांबीप्रमाणे गवतावर गठ्ठे लावायचे. सर्वांत मोठे वळचणीला, सर्वांत लहान आढ्याजवळ, आणि मधले माशाच्या खवल्यांसारखे क्रमाने लहान होत जाणारे. यात दिखाऊपणा नाही. वळचणीपर्यंत सगळ्या पाख्याचे पाणी वाहत येते, तिथे सांधे कमी असलेले बरे. आणि जड पत्रे भिंतीवर विसावले तर कैचीवरचा भार हलका होतो. शिवाय खाणीत निघालेले लहान-मोठे सगळे तुकडे वापरात येतात.

प्रत्येक थर आपल्याखालच्या दुसऱ्या थरालाही थोडा झाकतो, म्हणून छपरावर कुठेही किमान दोन पत्र्यांची जाडी मिळते. हे झाकण इथे 80 मिलिमीटर ठेवले. मग हिशेब सोपा आहे: लांबीतून झाकण वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा, तेवढा भाग उघडा दिसेल. 620 मिलिमीटरच्या पत्र्याचा 270 मिलिमीटर, 400 च्या पत्र्याचा 160. कोणत्या लांबीचे किती पत्रे हाताशी आहेत त्यावरून थरांची संख्या ठरते आणि त्यावरून पट्ट्या ठोकायच्या जागा लाकडी काठीवर आखल्या जातात. रुंदी तर प्रत्येकाची वेगळी. ती निवडताना वरच्या पत्र्याचा मधला भाग खालच्या सांध्यावर यावा, एवढेच पाहायचे. छपरावरचा कारागीर गठ्ठ्यातून हात घालून बाहेर काढतो तो पत्रा बहुतेक वेळा बसतोच, आणि हे केवळ वर्षांच्या सरावानेच येते.

एकूण पत्र्यांपैकी सुमारे एक पंचमांश निकामी निघाले. पडवीचे पत्रे पुरले नाहीत. उरलेले बाजारातून जुने घ्यावेत असे सुचवले गेले, ते मी नाकारले. जुन्या पत्र्यांना चांगला भाव आहे आणि तो भाव बऱ्याचदा दुसऱ्या कोठाराचे छप्पर उतरवून मिळवलेला असतो. त्यामुळे उत्तरेकडच्या, कमी दिसणाऱ्या पाख्यासाठी नव्या खाणीतले पत्रे मागवले. रंग थोडा पिवळसर आहे. दोन-चार हिवाळ्यांत तो शेवाळाने मवाळ होईल.

पत्र्यांखाली कापडाचा आधुनिक पडदा घातलेला नाही. त्याच्या तंतूंत वटवाघळांची नखे अडकून ती मरतात, आणि गोठ्याला मुळात हवा खेळती लागते. त्याऐवजी पत्र्यांच्या वरच्या कडांना आतून केस मिसळलेल्या चुन्याचा लेप दिला. पश्चिमेच्या भिंतीतली फट मोकळी ठेवली असून तिच्या शेजारी तशाच आणखी दोन सोडल्या आहेत.

17 ऑक्टोबर 2023

आढ्याचे दगड चुन्यात बसले आणि छप्पर बंद झाले. रात्रीचे तापमान आता उतरू लागले आहे, म्हणून उत्तरेच्या भिंतीच्या दर्जांचे उरलेले काम पुढच्या एप्रिलवर टाकले; तोवर उघडे सांधे गोणपाटाखाली राहतील. अर्धवट मुरलेला चुना एका कडाक्याच्या रात्रीत वाया घालवण्यापेक्षा हिवाळाभर थांबणे परवडते.

गोठ्यातल्या दगडी फरशीचा आडोसा, मोरी आणि शेणाचे भोक जसेच्या तसे आहेत. कोसळलेली पडवी पुन्हा उभारलेली नाही. तिच्या भिंतींचे माथे चुन्याने आणि हिरवळीच्या ढेपांनी झाकले. मुळात या छपराला पन्हळी नव्हत्या, म्हणून आम्हीही लावल्या नाहीत. पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू नये यासाठी उताराच्या वरच्या बाजूला साठलेली माती फूटभर खाली नेली आणि खडीचा चर झऱ्याच्या ओहोळाला जोडला.

मालकांना दिलेल्या देखभालीच्या पत्रात चारच कामे आहेत. प्रत्येक वादळानंतर वळचणीचे पत्रे जमिनीवरून पाहावेत आणि सरकलेला पत्रा त्याच आठवड्यात परत बसवून घ्यावा. भिंतीच्या सांध्यात रुजलेले रोप खोड धरण्याआधी काढावे. चर दर शरद ऋतूत साफ करावा. सांधा भरायचा झाल्यास सिमेंट वापरू नये. चुना, वाळू आणि भरड यांचे प्रमाण पत्राच्या मागे लिहून दिले आहे. व्यायला आलेल्या मेंढ्या मार्चमध्ये आत येतील, तोवर माळ्यावर थोडे गवत टाकून ठेवण्याचा त्यांचा विचार आहे. दर्जांचे काम 15 एप्रिलनंतर, रात्रीचे हवामान पाहून सुरू करायचे.